कमिशनरची खुर्ची

अरे, अमेरिकेतल्या कॉलेज-खेळांच्या कॉन्फरन्सचा, म्हणजे विद्यापीठांच्या लीगचा, कमिशनर (प्रमुख) व्हावं का म्हणतोस, तर पगाराचा आकडा जरा बाजूला ठेव. अ‍ॅथलेटिक डायरेक्टर, म्हणजे एका विद्यापीठाचा क्रीडाप्रमुख, असताना शनिवारच्या सामन्यात तुझी एकच टीम असते. हरली तर दुःखही हक्काचं. कॉन्फरन्सचा कमिशनर झालास की दोन्ही टीम तुझ्याच, टाळी कुणासाठी वाजवणार? जिम फिलिप्स २०२१ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचं क्रीडाप्रमुखपद सोडून एसीसी या कॉन्फरन्सचे कमिशनर झाले. २०२३ च्या डिसेंबरात फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाने, म्हणजे घरच्याच सदस्याने, कॉन्फरन्सला कोर्टात खेचलं! म्हणून होकाराआधी दोन गोष्टी कागदावर बघ: टीव्हीचा करार कधी संपतो आणि बाहेर पडणाऱ्या विद्यापीठाला किती पैसे भरावे लागतात. पॅक-१२ या कॉन्फरन्समधून दहा विद्यापीठं निघून गेली, तेव्हा टीव्हीचा पुढचा करारच हातात नव्हता. आणि हो, कमिशनरच्या खुर्चीत कॉन्फरन्समधल्या प्रत्येक विद्यापीठाचा अध्यक्ष तुझा साहेब. त्यांतल्या दोघा-तिघांशी मुलाखतीआधीच निवांत फोनवर बोल.