वाचकांचे प्रश्न : जुगारातली कमाई आणि आयकर

प्रश्न : पूर्णवेळ पैजा लावून पोट भरणाऱ्याने जिंकलेल्या रकमेवर आयकर भरावा का?

उत्तर : आमच्या मते भरावा, पण निव्वळ नफ्यावरच.

ब्रिटनमध्ये घोड्यांच्या शर्यतींवर पैजा लावून जगणाऱ्या एका माणसाच्या खटल्यात 1925 साली कोर्टाने निकाल दिला की पैज हा धंदा नव्हे, म्हणून कर नाही. त्याची दुसरी बाजू सहसा कुणी सांगत नाही: जिंकलेल्यावर कर नाही, तर हरलेल्याची वजावटही नाही. कर बुकी भरतो, आणि हरणाऱ्यांच्या वजावटीच्या दाव्यांपासून तिजोरी वाचते.

अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्ये पूर्णवेळ जुगाऱ्याला व्यावसायिक मानलं. तिथे 2026 पासून तोट्याच्या फक्त 90 टक्केच रकमेची वजावट मिळते, तीही जिंकलेल्या रकमेपुरतीच. म्हणजे वर्षभरात 1,00,000 डॉलर जिंकले आणि तेवढेच हरले, तर हातात शून्य, तरी 10,000 डॉलर करपात्र! हा सरळ अन्याय आहे. अगदी थोड्या नफ्यावर खेळणाऱ्याचा सगळा नफा यात जाऊ शकतो.

तिथे तोटा सिद्ध करताना बहुतेकांचं घोडं नोंदींपाशी अडतं. तारीख, ठिकाण, पैजेचा प्रकार, लावलेली आणि परत आलेली रक्कम त्याच दिवशी वहीत लिहा. तिकिटं आणि बँकेचे उतारे जपून ठेवा. वर्षअखेरीस आठवणीने भरलेली वही तपासणीत टिकत नाही.