दाढेची नस ‘मारली’ की राखली?

इंदूरच्याच एका ताईंची शंका आहे. सहा वर्षांच्या लेकीच्या ‘दुधाच्या दाढेची नस मारली’ असं त्यांनी घरच्या ग्रुपवर लिहिलं, तर पुण्याच्या आत्यांनी लगेच टोकलं: नस हे तुमचं इंदुरी हिंदी, मराठीत ‘मज्जा’ म्हणतात. खरं काय?

नस काही आपण इंदूरच्या सराफा बाजारातून उचललेली नाही. पुण्यातही दुखऱ्या नसेवर बोट ठेवतातच की! दाताच्या पोटात मऊ गर असतो, त्यात रक्तवाहिन्याही असतात आणि चेतातंतूही. त्यांतल्या एकाचं नाव सगळ्या गराला पडलं, इतकंच. ‘दंतमज्जा’ पुस्तकात शोभते, पण मज्जा म्हणजे मुळात हाडातला मगज, आयुर्वेदाच्या सात धातूंपैकी एक. आणि ‘मज्जातंतू’ म्हटलं की तोच शब्द नसांकडे वळतो. मी आपला ‘गर’ म्हणतो.

माझी हरकत ‘मारली’ला आहे. लहान मुलांत बरेचदा करतात ती पल्पोटॉमी: दाढेच्या माथ्यातला गर काढायचा, मुळांतला ठेवायचा. त्या उरलेल्या गराचं पुढे काय होणार, ते वर ठेवलेल्या औषधावर. 1904 पासून प्रसिद्ध असलेल्या फॉर्मोक्रेसोलमध्ये फॉर्मल्डिहाइड असतं, म्हणजे शाळेच्या प्रयोगशाळेत बरणीतला बेडूक टिकवणारं तेच. त्याचा बोळा काही मिनिटं ठेवला की खालचा गर बरा होत नाही, त्या बेडकासारखा थिजतो. तिथे ‘नस मारली’ अक्षरशः खरं. (फॉर्मल्डिहाइड माणसात कर्करोगकारक असल्याचं 2004 साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने जाहीर केलं, तेव्हापासून त्याच्याविषयीची नाराजी वाढली.)

दुसरं औषध कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे आपला विझवलेला चुना. पक्क्या दातात तो चांगलं काम करतो, दुधाच्या दातात मात्र पुष्कळदा मूळ आतूनच झिजायला लागतं. ‘चुना लावला’ इतकं चपखल मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

तिसरं एमटीए, ही पोर्टलंड सिमेंटच्या जातीची पूड. पाण्यात कालवून ठेवली की ओलाव्यातच घट्ट होते, आणि खालचा जिवंत गर तिच्याखाली स्वतःच दंतिनाचा, म्हणजे दाताच्या आतल्या टणक भागाचा, थर धरू लागतो. ‘दातात सिमेंट भरलं’ हे आजीचं बोलणं इथे खरंच निघतं. करड्या एमटीएने दाढ काळपट दिसते, पण ती पडायचीच असते दहा-बाराव्या वर्षी.

मुळांपर्यंत सडलं असेल तर सगळाच गर काढतात, ती पल्पेक्टॉमी. तिथे ‘नस काढली’ म्हणा. भरायला मात्र दाढ पडायच्या वेळी मुळांबरोबर विरघळेल असंच काही लागतं. बरेचदा झिंक ऑक्साइड आणि लवंगेच्या तेलातलं युजेनॉल. माझ्या मुलाच्या तोंडाला दोन दिवस मसालेभाताचा वास येत होता.

तेव्हा ताई, डॉक्टरांना आधी विचारा काय भरलंय. एमटीए असेल तर ग्रुपवर लिहा: ‘वरची काढली, खालची राखली.’ आणि नस हा शब्द तसाच राहू द्या, आत्यांसाठी.