फवारा येतो म्हणजे औषध येतंच असं नाही

ताई, मिस्टरांबद्दल तुम्ही लिहिलंय ते दोनदा वाचलं. दम्याचा पंप, म्हणजे इनहेलर, सकाळ-संध्याकाळ नेमाने घेतात, तरी पहाटे तीनला उठून खाटेवर बसावं लागतं, डॉक्टर औषध वाढवू म्हणतायत आणि सासूबाई म्हणतात पंपाची सवय लागली. माझी २०१६ ची दिवाळी अशीच गेली, म्हणून लिहायला बसलो.

मी डॉक्टर नाही. लातूरच्या मोंढ्यात आडत दुकानावर मुनीम आहे, दमा वीसेक वर्षांचा. धूळ, धूर, उदबत्ती टाळायची हे तुम्हाला ठाऊकच असणार, त्यात जात नाही.

औषध वाढवण्याआधी त्यांचा रोजचा पंप हातात घ्या. त्यावर किती डोस लिहिलेत ते वाचा आणि तो कधी सुरू केला ते आठवा.

माझ्या पंपावर १२० लिहिलं होतं. सकाळी दोन, संध्याकाळी दोन, म्हणजे दिवसाला चार. तीस दिवसांत खेळ खलास. मी तो मृगात आणला आणि दसऱ्यापर्यंत वापरला. आषाढीच्या सुमारासच त्यातलं औषध संपलं होतं. पण दाबला की फुस्स व्हायचं, घशाला गार लागायचं, हलवला तर आत काहीतरी डचमळायचं. डोस संपले तरी आत राहिलेला वायू फवारा देत राहतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. उलट एक पंप चार महिने पुरतो, परवडतो, असं वाटून मी निश्चिंत होतो. तीन महिने मी छातीत नुसता वायू ओढला.

त्या काळात मी ज्या दवाखान्यात जात होतो त्यांचा राग अजून जात नाही. पाच वेळा गेलो. पाचही वेळा ‘दमा वाढलाय’ म्हणून चिठ्ठी बदलली. स्टेरॉइडच्या गोळ्यांचे दोन कोर्स झाले, तोंड सुजलं, साखर वाढली. रोजच्या पंपापुढे दर वेळी ‘चालू ठेवा’ एवढंच. पंप दाखवा, कधी आणला, कसा घेता, हे एकदाही विचारलं नाही. दोन मिनिटांचं काम होतं. शेवटी दिवाळीच्या तोंडावर ऑक्सिजनवर पडलो, आणि तिथल्या एका सिस्टरने पंप हातात घेऊन विचारलं, ‘काका, हा कधी आणला?’ तिने तिथंच बोटांवर हिशेब केला. नवा पंप सुरू झाला आणि पंधरा-वीस दिवसांत रात्रीची झोप परत आली.

तेव्हापासून नवा पंप उघडला की डब्यावर मार्करने सुरू केल्याची आणि संपायची, अशा दोन्ही तारखा लिहितो. काही पंपांना आकडा दाखवणारी खिडकी असते, मिळाला तर तोच घ्या. पाण्यात तरंगवून बघायची जुनी युक्ती भरवशाची नाही.

पंप भरलेला निघाला तर घ्यायची पद्धत बघा. हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, मग दाबत सावकाश ओढायचं, दहा आकडे श्वास धरायचा, दुसरा डोस मिनिटभराने. पुष्कळांचं औषध जिभेवरच बसतं. माझ्या मते स्पेसर, म्हणजे पंपाला लावायची पोकळ नळी, सगळ्यांनीच वापरावा, तो काही लहान लेकरांसाठीच नसतो. स्पेसर धुतल्यावर फडक्याने पुसू नका, आपोआप वाळू द्या. पुसला की औषध आतल्या भिंतीला चिकटतं. आणि रोजच्या पंपानंतर चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते.

सासूबाईंना सांगा, सवय पंपाची लागत नाही. दमा आत असतोच, पंप थांबवला की तो वर येतो. पंपातलं स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये असतं, गोळीतलं मिलिग्रॅममध्ये. एका मिलिग्रॅममध्ये हजार मायक्रोग्रॅम. पंपाला घाबरून गोळ्या आणि इंजेक्शनवर दिवस काढणारे आमच्या मोंढ्यात कितीतरी आहेत, बघून जीव तुटतो. निळ्या पंपाची, म्हणजे धाप लागल्यावर घेतात त्याची, मात्र काळजी वाटू द्या. तो तेवढ्यापुरता श्वास मोकळा करतो, आतली सूज कमी करत नाही. तो वरचेवर लागत असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आता सोयाबीनच्या मळणीचं, कारण तिची धूळ दम्याला वाईट. बनीम, म्हणजे कापलेल्या पिकाची रचलेली गंजी, मोडून मळणीयंत्रावर रास करताना त्यांना यंत्राजवळ उभं करू नका, वाऱ्याच्या खालच्या अंगाला तर अजिबात नको. १९८०च्या दशकात स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात काही ठरावीक दिवशी दम्याचे रुग्ण एकदम वाढायचे. शोधल्यावर कळलं की बंदरावर सोयाबीन उतरवताना टरफलांची धूळ गावभर पसरायची. कोठारांना गाळण्या बसवल्यावर ते थांबलं. आपल्याकडे तर आख्खं शेत आणि मोंढा त्याच धुळीत असतो. रुमालाने ती बारीक धूळ अडत नाही, घट्ट बसणारा एन-९५ मास्क लावा. भुसकट भरायचं काम दुसऱ्याला द्या, चार पैसे गेले तरी चालतील.

एक वाक्य सलग बोलता येईना, ओठ निळसर पडले, किंवा निळ्या पंपानेही उतार पडेना, तर सकाळची वाट बघू नका. पंप घेत घेतच १०८ ला फोन लावा किंवा मिळेल त्या गाडीने निघा.

औषध वाढवायचं की नाही ते डॉक्टरच ठरवतील, तुम्ही स्वतःहून काही बंद करू नका. फक्त जाताना पंप सोबत न्या आणि मिस्टरांना त्यांच्यासमोर तो घ्यायला लावा. डब्यावर आकडा काय आहे आणि पंप कोणत्या महिन्यात आणला, ते मला आज रात्रीच कळवा, हिशेब मांडून देतो.