देखभाल : शून्य रुपये?

नाशिकचे एक वाचक लिहितात : आई ७९ वर्षांची, अर्धांगवायूनंतर अंथरुणाला खिळलेली. तिची २० लाखांची एफडी मोडून एजंट सांगतो त्या ‘गॅरंटीड इन्कम’ पॉलिसीत घालू का?

नको. दहा वर्षं दरवर्षी दोन लाख भरायचे आणि उत्पन्न अकराव्या वर्षापासून, म्हणजे आई नव्वदीला टेकल्यावर. त्यातही पॉलिसी तुमच्या नावावर! यात आईची सोय कुठे आहे?

आता न विचारलेलं. पत्राला महिन्याचा हिशेब जोडलाय : औषधं ४,०००, डायपर ३,०००, देखभाल ०. खाली बारीक अक्षरात, ‘धाकटी बहीण नोकरी सोडून आईकडे राहते.’ तिचा पगार ३२ हजार होता. मग देखभाल शून्य कशी? वर्षाला जवळजवळ चार लाख ती एकटी भरतेय, वर पीएफ बंद. वय ४६. तिच्या म्हातारपणाचा हिशेब कोणी मांडलाय?

‘देखभालीसाठी ब्युरोची बाई ठेवली तर बारा तासांचे आठशे मागते, परवडत नाही,’ म्हणता. महिन्याचे झाले २४ हजार. ते वाचवायला घरातले ३२ हजार घालवलेत. ‘आईच्या सेवेचे कुठे पैसे मोजायचे’ हे मी नेहमी ऐकतो. म्हणणारा बहुतेक वेळा सेवा करणारा नसतो.

‘मेडिक्लेम आहेच’ हेही विसरा. तो दवाखान्यात भरती झाल्यावरचा. घरी ठेवलेल्या बाईचा पगार त्यात बसत नाही.

एफडीची मुदत संपली की पैसे पोस्टाच्या सीनियर सिटिझन योजनेत, आईच्याच नावावर. ८.२ टक्क्यांनी महिन्याला साडेतेरा हजार पडतात, हातात तिमाहीला येतात. १५ आणि ५ लाखांची दोन खाती करा. मोडायची वेळ आली तर एकच मोडेल. आईची फॅमिली पेन्शन १४ हजार. एकूण साडेसत्तावीस. बाई, औषधं, डायपर मिळून ३१. वरचे साडेतीन तुम्ही घाला. रात्रीच्या पाळ्या दोघांनी वाटून घ्या.

बहिणीचा पीएफ काढून हॉस्पिटलचा पलंग घेणार आहात, तो भाड्याने मिळतो. तिची पीएफची आठ वर्षं भरलीत, त्यासोबतच्या पेन्शनला दहा लागतात. झालेल्या वर्षांचा दाखला, म्हणजे स्कीम सर्टिफिकेट, घेऊन ठेवलं तर पुढच्या नोकरीची वर्षं त्यात धरली जातात. जुन्या ऑफिसात तिची जागा भरली का, याच आठवड्यात विचारायला सांगा.

एजंटला चेक देऊन बसला असाल, तर पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. तारीख बघा.