गिधाडं दाखवताना

गाईडच्या कामात नवीन आहेस म्हणून सांगतो, गिधाड दिसलं की गाडी पुढे काढू नकोस. पर्यटक वाघ-सिंहासाठी आलेले असतात, पण गिधाडाची गोष्ट नीट सांगितलीस तर तेही खिळून राहतात. सुरुवात घाणीपासून नको, मानापासून कर. प्राचीन इजिप्तमध्ये नेखबेत ही गिधाडरूपी देवी राजाची रक्षणकर्ती होती. रामायणातला जटायू सीतेसाठी रावणाशी झुंजला. तिबेटी आणि पारशी परंपरेत तर माणसाचा देह शेवटी याच पक्ष्यांच्या स्वाधीन केला जातो. हे सांगताना आवाजात आदर हवा. अंत्यविधी ही बघण्याची वस्तू नव्हे. तिथे पर्यटक नेण्याचा विचारही मनात आणू नकोस.

डायक्लोफिनॅकबद्दल मात्र आवर्जून बोल. हे वेदनाशामक दिलेल्या गुरांचे मृतदेह खाऊन दक्षिण आशियातली लाखो गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन मेली. भारताने २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. पण संख्या सावरायला वेळ लागतो, कारण पांढऱ्या पाठीच्या गिधाडाची जोडी एका हंगामात एकच अंडं घालते. म्हणून घरट्यांपासून लांबच थांब, फोटोसाठी कुणी कितीही आग्रह केला तरी.