सोसायटीच्या बागेतले पतंग आणि देशी कीटक वाचवायला नेमकं काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोसायटीच्या बागेची जबाबदारी तुमच्याकडे आली, तगरीवर मोठाल्या हिरव्या अळ्या दिसल्या, समितीने फवारणीवाल्याला बोलवायचं ठरवलं, आणि तुम्हाला वाटतंय की सगळं मारण्याऐवजी पतंग, काजवे, भुंगे यांच्यासाठी काही करता येईल का. करता येईल. बहुतेक गोष्टी थांबवायच्या आहेत, नव्या थोड्याच करायच्या आहेत, त्यामुळे समितीपुढे खर्चाचा मुद्दा येणारच नाही.

आधी तगरीवरची अळी नीट बघा. बोटाएवढी जाड, हिरवीगार, शेपटीकडे छोटं शिंग आणि डोक्यामागे पांढऱ्या-निळ्या दोन गोल टिकल्या असतील, तर ती ओलिअँडर हॉकमॉथ नावाच्या पतंगाची अळी. कण्हेरीवरही हीच असते. काडीने डिवचलं तर डोकं आत ओढून घेते आणि त्या टिकल्या वटारलेल्या डोळ्यांसारख्या दिसू लागतात. पक्षी बिचकतात, आणि समितीचे अध्यक्षही. ती चावत नाही, तिच्यामुळे अंगाला खाजही येत नाही. तीन-चार अळ्या मिळून एखादं झुडूप बोडकं करतात हे खरं, पण तगर चिवट आहे, पावसाळ्यात बघता बघता नवी पालवी फुटते. पूर्ण वाढलेली अळी रंग बदलून काळपट तपकिरी होते, झाड सोडून जमिनीवर येते आणि पालापाचोळ्यात कोश करते. त्यातून बाहेर येणारा पतंग एकदा बघाच. हिरवा, गुलाबी, पांढरा अशी नक्षी की पैठणीच्या पदरावर शोभावी.

म्हणजे तगर फवारली नाही तरी माळ्याने खालचा पाचोळा रोज झाडून पोत्यात भरला, किंवा कोपऱ्यात पेटवून दिला, तर पतंग गेलाच. कीटकांबद्दल बोलताना आपण झाडं आणि फुलं धरतो, जमीन विसरतो. कित्येक पतंगांचे कोश, भुंग्यांच्या अळ्या, काजव्यांच्या अळ्या, हे सगळं पाचोळ्यात किंवा वरच्या वीतभर मातीत असतं. कुंपणालगत एक पट्टा न झाडता ठेवा. 'अस्वच्छ दिसतं' ही तक्रार येईल. कडेला विटांची एक ओळ लावा, म्हणजे मुद्दाम ठेवलंय हे कळतं. बागकामात अर्धं राजकारण असतं.

फुलपाखरांचं आपल्याला कौतुक आहे, पतंगांचं नाही. भारतात फुलपाखरांच्या साधारण १,३०० ते १,४०० जाती आहेत, पतंगांच्या १०,०००हून जास्त. त्यातले बरेच रात्री फिरतात, म्हणून आपली ओळख ट्यूबलाइटवर आपटणाऱ्या पाखरांपुरतीच राहते. पण संध्याकाळनंतर उमलणाऱ्या, पांढऱ्या, लांब नळीच्या, वासाच्या फुलांकडे जाणारे मुख्यतः हेच. नर आणि मादी झाडं वेगळी असलेल्या गावठी पपईला फळ धरायला हॉकमॉथ मोठा हातभार लावतात. आणि अळ्या म्हणजे पक्ष्यांच्या पिल्लांचं अन्न. चिमणी एरवी दाणे टिपते, पिल्लांना मात्र अळ्या आणि किडेच भरवते. चिमण्यांसाठी खोपे टांगणारी आणि दर महिन्याला फवारणी करणारी सोसायटी एकच असते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

महाराष्ट्राने २०१५ साली ब्लू मॉरमॉन, म्हणजे राणी पाकोळी, राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलं. राज्य फुलपाखरू असलेलं हे देशातलं पहिलं राज्य. तिची अळी लिंबाच्या कुळातल्या झाडांची पानं खाते. लहान असताना ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, तिच्या लिंबावरच्या बहिणींचंही तसंच. लिंबावर किंवा कढीपत्त्यावर असं काही दिसलं की लोक चिमटीने काढून चिरडतात. 'फुलपाखरांसाठी बाग' म्हणून घाणेरी आणि रंगीत परदेशी फुलझाडं लावणाऱ्यांशी माझं भांडण इथेच आहे. मध सगळीकडे मिळतो. अळीला मात्र ठरावीक झाड लागतं, ते नसेल तर मादी अंडी घालणार कुठे? बागेत पान कुरतडलेलं दिसत नसेल तर ती बाग कीटकांसाठी नाही, आपल्यासाठी आहे.

म्हणून झाडं निवडताना देशी घ्या, आणि तुमच्या भागातली. सोसायटीत लिंबू, कढीपत्ता, तगर, करंज, बहावा सहज जगतात. जागा मोठी असेल तर ऐन, अर्जुन, शेमट लावा. शेमटीला काही ठिकाणी मोई म्हणतात. तिच्यावर चांद्र पतंगाची अळी वाढते: फिकट पोपटी पंख आणि मागे दोन लांब शेपट्या असलेला, एकदा पाहिला की न विसरता येणारा पतंग. ऐन आणि अर्जुनावर टसर रेशमाचा किडा पोसतात. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाकडे ढीवर समाजातल्या अनेक कुटुंबांचा टसरचा कोश काढणं हा जुना व्यवसाय आहे. तिथे ऐनाचं जंगल टिकणं आणि पतंग टिकणं यावर चूल अवलंबून असते, त्यामुळे 'पतंग वाचवून उपयोग काय' हा प्रश्न तिथे कुणी विचारत नाही. उलट आपल्या शहरांभोवतीच्या टेकड्यांवर हिरवाई म्हणून गिरिपुष्प आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ ही परदेशी झाडं रांगेने लावली गेली. झाडी दिसते, पण आपल्याकडच्या अळ्यांना त्यात खायला फारसं काही नाही. त्यातच उन्हाळ्यात वणवे. गवत जळतं तेव्हा गवताच्या बुडाशी असलेली अंडी आणि कोशही जळतात, आणि पहिल्या पावसानंतर टेकडी हिरवी दिसते म्हणून कुणाला कळत नाही.

आता दिव्यांबद्दल. पतंग दिव्याला चंद्र समजतो असं शाळेत ऐकलेलं असतं. २०२४ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात वेगवान कॅमेऱ्यांनी कीटकांच्या उडण्याचं चित्रण केलं होतं. त्यात दिसलं की उडणारा कीटक आपली पाठ उजेडाकडे ठेवतो. मोकळ्या रात्री उजेड वर, आकाशाकडे असतो, म्हणून पाठ वर राहते आणि तोल सांभाळला जातो. जवळचा दिवा आला की पाठ त्याच्याकडे वळते, दिशा बिघडते आणि कीटक तिथेच घिरट्या घालत अडकतो. रात्रभर अडकलेला पतंग ना फुलावर जातो, ना जोडीदार शोधतो, आणि पहाटे पालीच्या किंवा कावळ्याच्या तोंडी जातो. उपाय सोपे आहेत: बागेत पांढऱ्या-निळसर एलईडीऐवजी पिवळसर दिवे, वरून झाकण म्हणजे उजेड खालीच पडेल, झाडांवर सोडलेल्या रोषणाईच्या माळा बंद, आणि रात्री अकरानंतर निम्मे दिवे बंद. सुरक्षेचा मुद्दा निघाला तर हालचालीवर लागणारे दिवे सुचवा, वीजबिल दाखवा.

निळ्या उजेडाचं कीटक मारणारं यंत्र क्लब हाऊसबाहेर टांगलेलं असेल तर ते आधी काढा. अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात झालेली, १९९६ साली प्रसिद्ध झालेली एक पाहणी आहे. अशा यंत्रांनी मारलेले १३,७८९ कीटक मोजले, त्यात डास आणि इतर चावणारे किडे होते फक्त ३१. डास आपल्या श्वासाच्या आणि घामाच्या मागावर येतो, निळ्या दिव्याच्या नाही. धुरफवारणीचंही थोडं तसंच. धूर उडणाऱ्या डासांना मारतो, सोबत पतंग, मधमाश्या, चतुर यांनाही. पाण्यातल्या डासांच्या अळ्यांना काही होत नाही. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. कुंड्यांच्या ताटल्या, गच्चीवरचे डबे, कुलरची टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून कोरडी करा. परिसरात रुग्ण सापडले आणि पालिकेने धूर मारला तर त्याला विरोध करू नका, ते आरोग्याचं काम आहे. दर महिन्याला सवयीने मारला जातो त्याला करा.

शेतकऱ्याला मात्र हे शहाणपण शिकवायला जाऊ नये. गुलाबी बोंडअळी, घाटेअळी, २०१८ साली भारतात पहिल्यांदा आढळलेली अमेरिकन लष्करी अळी, हेही सगळे पतंगच, आणि कापूस किंवा मका हातचा जातो तेव्हा कौतुक परवडत नाही. पण तिथेही सरसकट विषापेक्षा नेमके उपाय आहेत. कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या वासाने नराला ओढणाऱ्या सापळ्यात, ठरावीक जातीचाच नर येतो, बाकीचे पतंग सुटतात. ट्रायकोग्रामा नावाचा बारीकसा परोपजीवी कीटक पतंगाच्या अंड्यातच आपली अंडी घालतो. असे मित्रकीटक बांधावरच्या झुडपांत, गवतात टिकतात. बांध जाळून, तणनाशक मारून साफ केला की त्यांचंही घर जातं.

काजव्यांचं तुम्ही विचारलंय. शहरातल्या सोसायटीत काजवे 'आणता' येत नाहीत. त्यांची अळी ओल्या जमिनीत गोगलगायी खाऊन आयुष्याचा बराच मोठा भाग काढते. चमकणारा काजवा थोडे आठवडेच जगतो आणि त्या चमकण्यावरच त्याची जोडी ठरते. मे अखेर ते जून, भंडारदरा, राजमाची, पुरुषवाडी इकडे हिरडा, सादडा, उंबराची झाडं लखलखतात. तिथे शेकडो गाड्यांचे हेडलाइट आणि मोबाइलचे टॉर्च घेऊन जाणं म्हणजे बघायला गेलो तेच मोडणं. जायचंच असेल तर लहान गटाने, गावातला वाटाड्या घेऊन, आणि वाटेवरून खाली न उतरता. पायाखाली पुढच्या वर्षीचे काजवे असतात.

दरवर्षी पावसाळ्यात 'दुर्मिळ ॲटलास पतंग आढळला' अशी बातमी येते, सोबत तळहातावर ठेवलेला वीतभर पतंग. तो पतंग दमलेला किंवा उपाशी नसतो, त्याला खायला तोंडच नसतं. अळी असताना साठवलेल्यावर तो फार तर एक-दोन आठवडे जगतो आणि त्यात त्याला जोडी शोधायची असते. तुमच्या भिंतीवर आला तर साखरपाणी ठेवू नका, डब्यात घालू नका. जवळचा दिवा बंद करा आणि लांबून फोटो घ्या.

फोटो मात्र नक्की घ्या. जुलैच्या शेवटच्या पूर्ण आठवड्यात पतंग सप्ताह असतो. तो २०१२ साली अमेरिकेत सुरू झाला, आता आपल्याकडेही ठिकठिकाणी होतो. गच्चीवर पांढरी चादर बांधा, एक दिवा लावा, मुलांना बोलवा, दोन तासांनी दिवा बंद करा म्हणजे बसलेले पतंग उडून जातील. फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. ओळख पटवायला जाणकार तिथे असतात आणि नोंद कायम राहते. गावी घर असेल तर ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही (गावातल्या झाडाझुडपांची, प्राण्यांची, कीटकांची नोंद) याबद्दल विचारा. कायद्याने ती असायला हवी. पुष्कळ ठिकाणी कीटकांचं पान कोरंच असतं.

शेवटचं, कारण ते विचारलं जाणारच: शेवग्यावरचे केसाळ सुरवंट. हे वेगळं प्रकरण आहे, त्यांच्या केसांनी खरोखर आग होते आणि ते खोडावर पुंजक्याने बसतात. झाड मुलांच्या खेळण्याच्या जागेजवळ असेल तर हातमोजे घालून, लांब दांड्याच्या झाडूने साबणाच्या पाण्यात पाडा. पेटता बोळा लावू नका, खोडाची साल भाजते. अंगावर केस लागले तर चोळायचं नाही. चिकटपट्टी हलकेच लावून उचला, मग साबणाने धुवा. सूज वाढली किंवा डोळ्यात गेलं तर डॉक्टर. झाड कोपऱ्यात, माणसांच्या वावरापासून दूर असेल तर तिथे दोरी बांधून थोडे आठवडे सोडून द्या, ते आपोआप खाली उतरून कोशात जातात.