अल्बम काढण्यासाठी बी.कॉम.ची परीक्षा सोडावी का?

बडोद्याहून एका आईंचं पत्र आलं आहे. मुलगा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पाच मित्रांचा फोक-रॉक बॅंड आहे. गोंधळ, भारूड, अभंग ते गिटार-ड्रम्सवर वाजवतात. आठ गाण्यांचा पहिला अल्बम आणि दौरा करायचा म्हणून परीक्षाच देणार नाही म्हणतो.

ताई, परीक्षा त्याने जरूर द्यावी. बॅंडही सोडायला सांगू नका. अल्बमचा बहुतेक वेळ स्टुडिओत जाण्याआधी लागतो आणि तो संध्याकाळी, सुटीच्या दिवशी निघतो.

आधी विचारा, आठही गाणी लोकांसमोर वाजवून झाली आहेत का? नसतील तर लय शोधण्यात स्टुडिओचे तास जातील, आणि स्टुडिओ तासावर पैसे घेतो. प्रत्येक गाणं क्लिकवर, म्हणजे हेडफोनमधल्या ठोक्यावर, वाजवून मोबाइलवर ऐकावं. गोंधळाची लय शेवटाकडे चढते. तिथे एकाच गतीचा क्लिक लावला तर गाणं मरतं, म्हणून गती कुठे किती वाढवायची ते आधीच ठरवावं.

सुराचं तसंच. गायक काळी दोनमध्ये, म्हणजे पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीला सा धरून, गात असेल तर गिटारला पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे तारा दाबून सूर चढवणारा चिमटा, लावून डीच्या कॉर्ड्स धराव्यात. जुनी पेटी बऱ्याचदा ४४० हर्ट्झला, म्हणजे आजच्या प्रमाण सुराला, नसते आणि ती ऐनवेळी जुळवता येत नाही. बाकीची वाद्यं तिला जुळवावीत, नाहीतर पेटी बदलावी. ड्रम्स, बेस, ढोलकी, संबळ आधी आणि गळा शेवटी रेकॉर्ड करावा. प्रत्येक ट्रॅकची २४ बिटची वेव्ह फाइल, म्हणजे न दाबलेलं मूळ रेकॉर्डिंग, मागून घ्यावी, दोन हार्ड डिस्कवर ठेवावी.

हक्कांचं मात्र अजिबात पुढे ढकलू नये. तुकोबांचे शब्द कोणीही गावेत. पण त्या शब्दांना एखाद्या आधुनिक संगीतकाराने लावलेल्या चालीवर त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. पारंपरिक समजून उचललेली चाल अशी निघाली की अल्बम अडकतो. स्वतःच्या गाण्यांचे शब्द कोणाचे, चाल कोणाची, वाटा किती, हे पाचही जणांनी सही करून लिहून ठेवावं. मैत्री तुटते ती बहुधा याच मुद्द्यावर. मग गीतकार-संगीतकारांनी आयपीआरएसचं, म्हणजे गाण्यांची रॉयल्टी गोळा करून देणाऱ्या संस्थेचं, सदस्यत्व घ्यावं.

स्ट्रीमिंगमधून नव्या बॅंडला फारसं काही मिळत नाही, कमाई कार्यक्रमांची. त्यात बडोद्याचं गणित वेगळं आहे. नवरात्रात साउंडवाले आणि तालवादक गरब्यात गुंतलेले असतात, त्यामुळे तेव्हा स्वतःचा कार्यक्रम ठेवू नये. उलट ड्रमर आणि ढोलकीवाल्याने गरब्यात वाजवावं. त्या मानधनातून मिक्सिंग-मास्टरिंगचा, म्हणजे ट्रॅक एकत्र करून आवाजाचा अंतिम तोल साधण्याचा, खर्च निघू शकतो.

म्हणजे परीक्षा झाली की मे महिन्यात तालवाद्यं रेकॉर्ड करावीत, कारण पावसाळ्यात ढोलकीची पुडी उतरते आणि दर टेकला जुळवत बसावं लागतं. नवरात्रानंतर मिक्सिंग. तयार फाइल्स प्रकाशनाच्या तारखेआधी चार आठवडे डिस्ट्रिब्यूटरकडे, म्हणजे गाणी स्ट्रीमिंग अ‍ॅपवर पोहोचवणाऱ्या कंपनीकडे, द्याव्यात. डिसेंबर-जानेवारीत शनिवार-रविवार धरून सुरत, अहमदाबाद करावं. तिथे खर्च भरून निघाला तरच मुंबई-पुण्याची तिकिटं काढावीत. आयोजकाकडून निम्मं मानधन आगाऊ घ्यावं आणि माइक, डीआय बॉक्स (गिटार साउंड सिस्टिमला जोडायची पेटी), मॉनिटर (वादकांना स्वतःचा आवाज ऐकवणारे स्पीकर) किती लागतील ते तारीख पक्की करतानाच लेखी कळवावं. या हिशेबाची वही पाचांपैकी एकाने सांभाळायची आहे. तुमचा मुलगा बी.कॉम. करतोय, ती त्याच्याकडे द्या.